क्रीडामंत्री महोदय, फॉर्मवरची सही मोठ्या माणसाची असते

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. शाळेत कबड्डी, खो-खो आहेच, पण माझा जीव बेसबॉलमध्ये. गावात कुणी हा खेळ टीव्हीवर बघितलेला नाही, तरी आमची पोरं जिल्ह्याला जातात, कधी विभागालाही. त्याच पोरांबद्दल, आणि वय कमी दाखवून खेळवण्याच्या वयचोरीबद्दल हे पत्र आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. 14 वर्षांखालील जिल्हास्तरीय सामना. समोरच्या संघाच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, ओठावर वस्तरा फिरवल्याची हिरवट झाक होती, खांदे भरलेले होते. माझा सातवीतला पोरगा बॅट घेऊन उभा राहिला. हेल्मेट त्याला ढिलं व्हायचं, दर चेंडूनंतर ते वर सारावं लागायचं. तिसरा चेंडू त्याच्या बरगडीत बसला. पोरगा रडला नाही. बाहेर येऊन बरगडी धरून एवढंच म्हणाला, “सर, ह्याला मी गेल्या वर्षी सतराच्या संघात खेळताना बघितलंय.”

मी तडक टेबलाकडे गेलो. फाइल उघडली गेली. जन्माचा दाखला, बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, सगळं जागेवर. “कागद बरोबर आहेत सर, आम्ही काय करणार?” त्यांचंही खरं होतं. कागद बरोबरच होते, वय खोटं होतं. आम्ही हरलो त्याचं दुःख नाही. माझं ते पोरगं पुढच्या वर्षी मैदानावर आलंच नाही, हे अजून सलतं.

वयचोरी ही काही आपल्याच राज्याची कीड नाही. 2001 मध्ये अमेरिकेत मुलांच्या लिटल लीग जागतिक स्पर्धेत डॅनी अल्माँटे नावाच्या पिचरने एका सामन्यात एकाही बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नाही. वयोमर्यादा 12 ची, आणि पोरगा निघाला 14 चा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये त्याच्या जन्माची नोंद दोनदा झाली होती, एक 1987 ची आणि दुसरी 1989 ची. संघाचे विजय रद्द झाले. पण आजीव बंदी कुणावर आली? त्याच्या वडिलांवर आणि संघ उभा करणाऱ्या गृहस्थांवर. बारा-चौदा वर्षांचं लेकरू स्वतःचा जन्मदाखला तयार करत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या क्लबांचे करार सोळाव्या वर्षापासून होतात, म्हणून सोळा वर्षांच्या हाताला जी किंमत, ती विशीतल्या हाताला नाही. 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने सोळा वर्षांचा समजून एका खेळाडूला 14 लाख डॉलर दिले. 2009 मध्ये कळलं, नावही खोटं आणि वयही चार वर्षांनी कमी दाखवलेलं. त्याच देशातला मिगेल तेहादा तर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. त्याने 2008 मध्ये कबूल केलं की 1993 च्या करारावेळी 19 चा असताना 17 सांगितलं होतं. गरिबीतून वर यायची दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

आपल्याकडे डॉलर नाहीत, पण आमिष आहेच. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्या घरात दीड एकर कोरडवाहू आहे, त्या घराला हे डोंगराएवढं वाटतं. त्या बापावर राग काढून काही होणार नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असायचा. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि 1 जून टाकायचे. त्यात लबाडी नव्हती, नोंदच नव्हती. आजही ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या लेकरांची नोंद वर्ष-दोन वर्षं राहून जाते. म्हणून माझी विनंती आहे, उशिरा नोंद झालेलं प्रत्येक मूल चोर समजू नका. आणि नुसत्या मनगटाच्या एक्स-रेवर निकाल लावू नका. क्रिकेट मंडळ हाडांची टीडब्ल्यू-3 चाचणी वापरतं, ती कामाची आहे, पण हाडाचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. एखादं पोर लवकर वाढतं, अर्धपोटी राहिलेलं मागे पडतं. संशय आला तर चाचणी जरूर करा, पण निकाल नोंदीवरूनच द्या.

ती नोंद शासनाकडेच आहे. पहिलीत प्रवेश घेताना टाकलेली तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला असते आणि आता सरल या शासनाच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीतही असते. खोटेपणा होतो तो पुढे, शाळा बदलताना. नवीन प्रतिज्ञापत्र, नवीन दाखला, आणि पोरगं दोन वर्षांनी लहान. स्पर्धेची प्रवेशिका भरताना ती पहिली तारीख आपोआप यावी, आणि नंतर ती बदलली असेल तर कधी व कुणाच्या सहीने, हे टेबलावर बसलेल्या माणसाला दिसावं. एवढं झालं तरी त्या दिवशीसारखं “आम्ही काय करणार” म्हणायची वेळ येणार नाही. 2023 च्या कायदादुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा एकमेव पुरावा केला आहे. चांगलं झालं, पण ती मुलं शालेय स्पर्धेत उतरायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर किती पोरं मैदान सोडतील?

केंद्राने 2025 मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहितेचा नवा मसुदा आणला. त्यात खेळाडूला पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं बंदी आणि दुसऱ्याला कायमची बंदी सुचवली आहे. राज्याने आपले नियम करताना शालेय स्पर्धेपुरतं तरी हे उलटं करावं. आधी सही करणाऱ्याला विचारावं. मुख्याध्यापकाला, पालकाला, आणि माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकाला.

माझ्यासारख्या म्हणतो, कारण मीही सही केली आहे. त्या सामन्यानंतर तीन वर्षांनी एका चांगल्या पिचरचा दाखला घेऊन त्याचे वडील शाळेत आले. तारीख बदललेली होती हे मला माहीत होतं, पोराला मी दुसरीपासून ओळखत होतो. संघ विभागाला जाणार होता. मी पेन काढलं. आमच्या संघातला एक खऱ्या वयाचा मुलगा त्यामुळे राखीव बसला. त्याच्या आईने मला विचारलं, “सर, माझ्या पोराचं काय चुकलं?” मी सराव कमी पडला म्हणून सांगितलं.

2020 मध्ये क्रिकेट मंडळाने ज्यांनी खोटी जन्मतारीख दिली त्यांना स्वतःहून कबूल करायची मुदत दिली होती, कबूल करणाऱ्यावर बंदी येणार नव्हती. तशी मुदत शाळांना आणि शिक्षकांना द्या. कबुली देणाऱ्याच्या विद्यार्थ्यावर मात्र आच येऊ देऊ नका, त्याला फक्त त्याच्या खऱ्या वयोगटात खेळू द्या.

ती खिडकी उघडेल त्या दिवशी पहिला अर्ज माझा असेल. त्या प्रवेशिकेची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक