नसबंदी तिचीच का?

पुरुष नसबंदी पंधरवडा (21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर) दरवर्षी येतो, फलक लागतात आणि टेबलावर मात्र बाईच जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के, पुरुष नसबंदीचं 0.3. वैद्यकीय कारण शोधू नका, ते नाही. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाला जागेपुरती भूल, अंडकोषाच्या कातडीला बारीक छिद्र, त्यातून शुक्राणू वाहून नेणारी नळी कापून बांधायची, टाका नाही, वीसेक मिनिटांत मोकळा. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. वीर्य पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. आणि पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, कापलेल्या नळीतून नव्हे. तरीही 'कमजोरी येते' हे पारावर छातीठोकपणे सांगितलं जातं आणि सासूच सुनेला म्हणते, 'त्याला कामाला जायचंय, तूच करून घे.' आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची धास्तीही त्यात मिसळलेली आहेच.

खरी गफलत नंतर होते. नळीत उरलेले शुक्राणू लगेच संपत नाहीत. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं. शुक्राणू दिसले नाहीत तरच निर्धास्त. ही तपासणी टाळली आणि दिवस गेले, की संशय बायकोच्या चारित्र्यावर! म्हणून समुपदेशन जोडप्याचं एकत्र व्हावं, तपासणीची तारीख कार्डावर लिहून द्यावी आणि आशाताईंबरोबर पुरुष आरोग्यसेवकही घरी जावा. परक्या पुरुषाशी हा विषय काढणं गावात आशाताईंना जड जातं.

– एक आरोग्यसेवक, सातारा