स्टुडिओ बंद आहे, मी नाही

प्रिय आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, त्यामुळे माझं सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहिते. स्टुडिओ मी उन्हाळाभर बंद ठेवला आहे. ठरवलंय असं नाही, बंद केलाच आहे, तेव्हा ‘अजून विचार कर’ आता नको. चित्रकला सोडलेली नाही, कुणाशी बिनसलेलं नाही, पैशांची सोय आहे. दादाने काय सांगितलं असेल याची कल्पना आहे. त्याला निम्मंच ऐकू येतं, उरलेलं तो स्वतः भरतो.

अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, हे मात्र खरं. ब्रश वर्षानुवर्षं चिमटीत धरून तिथे सूज येते. डॉक्टरांनी आधाराचा पट्टा दिलाय, ऑपरेशनचा विषयही काढला नाही. पण आई, हात दुखला नसता तरी मी थांबलेच असते. मागच्या प्रदर्शनातली चित्रं विकली गेली तेव्हा बाबांनी किती जणांना फोन केले होते! त्यानंतर जो तो तसंच चित्र मागायला लागला आणि मीही काढत गेले. खाली करडा पट्टा, वर पिवळसर उजेड. मी ठरवायच्या आधी हात तिथे पोचलेला असायचा. वाईट जमलं असतं तर कधीच थांबले असते. चांगलं जमत होतं, म्हणूनच इतका वेळ लागला.

आई, ब्रश पुसायच्या तेलाच्या चिंध्यांची तुझी भीती रास्त आहे. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, त्यामुळे चुरगळून टाकलेली चिंधी आपोआप पेटू शकते. माझ्या सगळ्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, आता तो डबाही रिकामा केलाय. टर्पेंटाइन घट्ट बंद. मऊ केसांचे ब्रश साबणाने धुऊन, टोकं जुळवून, कसर लागू नये म्हणून पेटीत ठेवलेत. मोठी चित्रं भिंतीला टेकून उभी आहेत. वरून कोरडी दिसतात, आतून ओली असतात. थर जाड असेल तर वॉर्निश लावायला सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. म्हणजे बाबा, काम अगदीच बंद नाही. माझ्यावाचून चालू आहे.

आणि मी काय करते? सकाळी पोहायला जाते (हो, या वयात शिकले, नाही, खोल पाण्यात जात नाही). शेजारच्या काकू गावाला गेल्यात, त्यांच्या झाडांना पाणी घालते. दुपारी झोपते, उठल्यावर अपराधी वाटून घेत नाही. संध्याकाळी फिरताना स्केचबुक नेत नाही आणि ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोबाइलवर फोटोही काढत नाही. सुरुवातीला डोळे ऐकत नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या सावलीत जांभळा किती ते मोजत बसायचे. आता कधीकधी भिंत ही नुसती भिंत असते. कंटाळाही येतो, खोटं कशाला सांगू. सुट्टीनंतर चित्रं बहरतात असं लोक म्हणतात, पण मी त्या हिशेबाने सुट्टी घेतलेली नाही. तसा हिशेब ठेवला तर तेही कामच झालं.

बाबा, तुम्हाला पटेल असं उदाहरण देते. मार्सेल द्यूशाँ हा फ्रेंच चित्रकार 1920 च्या दशकात बुद्धिबळात इतका गुंतला की पुढे फ्रान्सच्या संघातून ऑलिंपियाड खेळला. आई, तुझ्यासाठी चित्रकार ॲग्नेस मार्टिन. 1967 मध्ये तिने न्यूयॉर्क सोडलं, काही वर्षं चित्रच काढलं नाही आणि न्यू मेक्सिकोत मातीच्या विटांचं घर स्वतः बांधलं. पुढे ती चित्रांकडे परतली. घाबरू नका, माझा एकच उन्हाळा आहे आणि मला भिंत बांधता येत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी मी येतेय, पण रंगपेटी आणणार नाही. आणि बाबा, रागावू नका, आल्यागेल्यासमोर माझी चित्रं मांडू नका. तुम्ही ऑफिसातले पाठकोरे कागद आणायचात आणि मी भरलेला प्रत्येक कागद तारीख टाकून ठेवायचात. त्या आनंदावरच मी इथवर आले. पण हल्ली फोनवर ‘नवीन काय काढलंस?’ आलं की उत्तर शोधताना माझी धांदल उडते. आई, तू बरी. तू अजून माझी नखं बघतेस. यावेळी स्वच्छ सापडतील.

आता ऐका. बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नाही. डोळ्यांतले थेंब आईने घालायचे, बाबांनी आरशात बघून नव्हे. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, आणि भर उन्हात गच्चीवर चढायचं नाही. वाळत घातलेलं बाबा आणतील. दोघांनी पाणी पीत राहायचं, तहान लागायची वाट न बघता.

बाबा, मीही दुपारी बुद्धिबळ खेळायला लागलेय आणि सपाटून हरतेय. पांढरी मोहरी माझी. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. तुमची चाल रविवारी फोनवर सांगा, आणि दादाला विचारायचं नाही.

तुमची,
मनू