लेकींना अठरापर्यंत आसरा द्यायचा आहे, हात द्या

सप्रेम नमस्कार,

द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतील. वयात आलेल्या पोरीला मागे एकटी कशी ठेवायची, या धास्तीने पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तिचे दोनाचे चार हात होतात. आईबापांना लेक नकोशी नसते, त्यांना भीती वाटते.

मग वर्षभरात सासरी कुजबुज सुरू होते, ‘अजून काहीच कसं नाही?’ पाळी आल्यावर पहिली एक-दोन वर्षे दर महिन्याला बीज तयार होतेच असे नाही. तो दोष नव्हे, पण वांझपणाचा शिक्का लगेच बसतो आणि भगताचे अंगारे-धुपारे चालू होतात. नवऱ्याला तपासावे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

दिवस राहिले तरी सुटका नाही. कंबरेचा सांगाडा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे बाळंतपणात मूल अडते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11 तरी हवे. आमच्या महिला मंडळाच्या तपासणीला येणाऱ्या काही पोरींचे 7 च्या आसपास असते. त्यात अठराच्या आतली मुलगी गरोदर दिसली की पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. त्या भीतीने घरचे तिला दवाखान्याची पायरीच चढू देत नाहीत. मेडिकलमधून गोळ्या आणून देतात. गर्भ अर्धवट पडतो, आत जंतुसंसर्ग होतो, गर्भनलिका बंद होतात. तीच मुलगी विशीत ‘ताई, आता राहतच नाही’ म्हणून येते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट सतत दुखते, हे तोवर तिने कुणाला सांगितलेलेच नसते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवकाला अधिकार आहेत, मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या क्रमांकावर फोन केला की यंत्रणा धावते. लग्न थांबते. पण आईबाप बागेवर गेल्यावर ती पोर राहणार कुठे? खरी अडचण इथे आहे.

म्हणून आमच्या महिला मंडळाने नाशिक शहरात अशा मुलींसाठी हंगामापुरती राहण्याची सोय करायचे ठरवले आहे. शाळाही तुटणार नाही. एका मुलीच्या सहा महिन्यांच्या राहण्या-जेवणाला साधारण 18,000 रुपये लागतील. सगळे एकट्याने द्यावे असे नाही. एका महिन्याचे द्या, धान्य द्या, गाद्या द्या. देणगी शक्यतो चेकने द्यावी, पावती मिळेल.

आणखी एक कळकळीची विनंती शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींना. आधीच लग्न झालेल्या मुलींना आम्ही वाऱ्यावर सोडू शकत नाही. महिन्यातला एक रविवार द्या, पाड्यावर चला. गाडीची आणि सोबतीला आशाताईंची व्यवस्था आम्ही करू. नवऱ्यांनाही तपासणीला बसवायचे आहे, तिथे डॉक्टरांचा शब्द लागतो.

पाड्यांवरून मुलींची नावे येऊ लागली आहेत. खोल्या दसऱ्याच्या आत ताब्यात घ्यायच्या आहेत, तेव्हा मदत त्याआधी मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावी.

आपल्या,
महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, नाशिक