टकचा डबा

प्रिय शमे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून फुगून बसली असशील. बस. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू.

ओजसला पाचगणीला होस्टेलवर ठेवलंय. मंदीने चुगली केलीच असेल. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि आपलं नेहमीसारखं वाजलं असतं. शाळेने सामानाची यादी दिली. त्यात मोजे, बूटपॉलिश आणि शेवटी ‘टक’. हे म्हणाले, “टकटक की टकमक?” अगं, खाऊ! चिवडा, शंकरपाळ्या कुलूपवाल्या डब्यात, आणि किल्ली वॉर्डनबाईंकडे. तुझ्यासारख्या लाडूचोरांचा बंदोबस्त. (मेसचं मांजर लाडू खात नाही, शमे. अजून तरी कबूल कर.)

परवा फोनवर ओजस म्हणाला, “सर रोज ‘टक इन’ म्हणतात, पण मला जातच नाही.” झोप उडाली. डिक्शनरी काढून बसले. जुन्या इंग्रजीत या टकचा अर्थ काय असावा? छळणं! पुढे कापड ताणणं, लोकरीचं ओलं कापड तुडवून घट्ट करणं. ते करणारे टकर. इंग्लंडात एक्झिटरला त्यांच्या संघाचा १४७१ सालचा टकर्स हॉल अजून उभा आहे. मग कापड दुमडून आत खोचणं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पोटात खोचणं, म्हणजे आपलं हादडणं. तिथल्या निवासी शाळांत त्यावरून खाऊ झाला टक, खाऊचं दुकान टक शॉप. ऑस्ट्रेलियात तर जेवणालाच टकर म्हणतात. साहेब गेला, टक पाचगणीत ठेवून गेला.

आपल्या मेसच्या काकू “लाजू नका गं, हाणा” म्हणायच्या, तेच हे. पण त्या वाढताना तोंडाकडे बघायच्या. सर बघत असतील का? आणि पोराच्या अंगावर पांघरूण खोचून त्याला झोपवणं, तेही टक इनच. इथे हा रात्री दोनदा चादर लाथाडायचा, मी उठून घालायची. तिथली थंडी तुला माहीत आहे. हे म्हणतात, “दहा वर्षांचा घोडा आहे, घेईल.” सासूबाई म्हणतात, “आणा परत.” मी दोघांशीही भांडते.

तू पाचवीपासून होस्टेलला होतीस. घरी पत्रात ‘मी मजेत आहे’ लिहायचीस, हे मला ठाऊक आहे, कारण पाकिटं मीच टाकायचे. खरं काय होतं? किती दिवसांनी जेवण जायला लागलं, की सवय झाली म्हणून जेवायचीस?

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा मोतीबिंदू झाला का? अनयला बारावीसाठी शुभेच्छा सांग.

फोन करू नकोस. फोनवर तू माझी समजूत घालशील. लिहून पाठव.

तुझी,
नीलू