नुसत्या आकड्यांची तुलना फसवी

भारत आणि जपानमधील उच्च शिक्षणातील पुरुष अध्यापकांच्या संख्येची तुलना करणारा तक्ता रविवारच्या अंकात वाचला. नुसते आकडे शेजारी ठेवल्याने भारतीय प्राध्यापकवर्गावर पुरुषांचे वर्चस्व अधिक असल्याचा समज होतो. तो चुकीचा आहे.

केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये आपल्याकडे सुमारे १५.९८ लाख अध्यापक होते आणि त्यांत पुरुष ५६.६ टक्के, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास. जपानी विद्यापीठांतील पूर्णवेळ अध्यापकच मुळात दोन लाखांच्या आत. मात्र त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश पुरुष आहेत! ज्या देशाचा आकडा लहान दिसतो, तिथेच स्त्रियांना व्यासपीठावर जागा कमी आहे. शिवाय आपले विद्यार्थी ४.३३ कोटी, तर जपानी विद्यापीठांतले सुमारे २९ लाख. मग अध्यापकांची संख्या सारखी कशी असेल?

आपल्याकडे सारे आलबेल आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. केरळमध्ये अध्यापिका पुरुषांहून अधिक आहेत, बिहारमध्ये त्या फारच थोड्या. देशाच्या सरासरीत ही दरी झाकली जाते. सहायक प्राध्यापक ते प्राध्यापक या वाटेवर किती स्त्रिया मागे पडतात, हेही एकूण संख्येतून कळत नाही. पुढील वेळी तक्त्यात टक्केवारी आणि पदनिहाय विभागणी द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली