सूचना : २१ ऑक्टोबरचं अभिवादन आणि जुने फोटो

सर्व सभासदांना नमस्कार,

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान शहीद झाले, म्हणून ही तारीख. सकाळी साडेसातला नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. भाषणं नाहीत. नावांचं वाचन, दोन मिनिटं स्तब्धता, मग चहा.

यंदा आणखी एक काम. घरात पडलेल्या जुन्या वस्तू सोबत आणा : बिल्ला, पट्ट्याचं बक्कल, शिट्टीची दोरी, बदलीचा हुकूम आणि फोटो. शिपायांच्या गणवेशात निळी हाफ पँट होती त्या काळातले तर हवेतच. आम्ही तिथेच स्कॅन करून मूळ वस्तू लगेच परत देऊ. फोटोच्या मागे नाव, बक्कल नंबर, पोलीस ठाणं आणि साल लिहा, पण शिसपेन्सिलीने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! मागच्या वेळी एक सुंदर ग्रुप फोटो तसाच कायमचा चिकटून आला.

तुकाराम ओंबळे यांनी २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गडचिरोलीत भूसुरुंगात गेलेल्या शिपायांची नावं मात्र त्यांच्या गावाबाहेर कोण घेतं? त्यांच्यासोबत नोकरी केलेल्यांनी आठवणी सांगायला नक्की यावं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू.

येणाऱ्यांनी १८ तारखेपर्यंत ग्रुपवर कळवा, खुर्च्या मोजून सांगायच्या आहेत.