सागाच्या बुंध्यात ७२ चा दुष्काळ

संपादक साहेब, आमच्या सोसायटीतला जुना साग मागच्या आठवड्यात पाडला, मग काय नातवाला घेऊन बुंध्यावरची वर्तुळं मोजत बसलो, साधारण एका वर्षाचं एक, पाऊस बरा झाला की रुंद आणि ओढ दिली की दोऱ्याएवढं, बाहेरून मोजत ७२ च्या दुष्काळापाशी आलो तर तिथे खरंच बारीक रेघा चिकटून! (आमचं मोजणं एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे असेल.) पाषाणच्या आयआयटीएममधे (हवामान-मान्सूनवर संशोधन करणारी संस्था) सागाच्या अशाच वर्तुळांवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास झालाय. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत तर ८ लाख वर्षांपूर्वीची हवा मिळते. आमचा ओंडका मात्र वखारीत जाणार म्हणे, निदान एक चकती तरी शाळेला द्या की!

– एक वाचक, कोथरूड, पुणे